मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्याच्या स्मरणार्थ मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला पाळला जाणारा दिवस. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी भाषकांचे पाच जिल्हे (आजचे आठ) निजाम मीर उस्मान अली खान याच्याच अमलाखाली राहिले. त्यांना आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. त्यामुळे इथे झेंडावंदन वर्षातून चारदा होते.

संस्थानाचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल. १९४१ च्या गणनेत लोकसंख्या १ कोटी ६० लाखांवर. निजामाचे स्वतःचे नाणे होते, ‘हाली शिक्का’. शेजारच्या इंग्रजी मुलखातले लोक या भागाला सरळ ‘मोगलाई’ म्हणत. कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानुसार परवानगी काढावी लागे, त्यामुळे राजकारण बरेचसे वाचनालये, खासगी शाळा आणि साहित्य-सभांच्या आडून चालले. १९३७ साली परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढल्याच वर्षी स्थापन होऊ घातलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर उभी राहण्याआधीच बंदी आली. ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्याचे प्रकरणही १९३८ मधलेच.

नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे होते. त्यांच्यासोबत गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे, अनंत भालेराव ही मंडळी. सत्याग्रहाबरोबरच १९४७-४८ मध्ये सरहद्दीवर सशस्त्र कॅम्प उभे राहिले. उमरखेड, बार्शी अशा हद्दीपलीकडच्या गावांतून तरुण रात्री आत शिरत, करोडगिरीची (म्हणजे जकातीची) नाकी जाळत आणि परत जात. शिंदीची झाडे तोडण्याची मोहीमही अशीच हिशेबी होती: शिंदी-ताडीवरचा कर हे सरकारी खजिन्याचे मोठे उत्पन्न, तेव्हा झाड पाडले की महसूल बुडाला. कुऱ्हाडीने केलेला हा असहकार खेड्यातल्या माणसाला भाषणापेक्षा लवकर कळला.

दुसऱ्या बाजूला कासिम रझवी याचे रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक, होते. रझवी मूळ वकील, वकिली लातूरची. रझाकारांच्या हल्ल्यांमुळे अनेक कुटुंबे घरदार टाकून हद्द ओलांडून गेली. मात्र हा लढा हिंदू-मुसलमानांचा होता असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला.

भारत आणि निजाम यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये केलेला ‘जैसे थे’ करार टिकला नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले. मुख्य तुकडी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरकडून निघाली. पहिल्याच सकाळी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला आणि हैदराबादचा रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती एल इद्रूस शरण आला. हैदराबादने तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. हा घरातला मामला आहे हे ठसवायला ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द भारत सरकारच्या कामी आला. रणगाडे वापरलेल्या कारवाईला हे नाव अजबच, पण मराठवाड्यात तेच रुळले. जुनी माणसे वयाचा हिशेबही ‘रझाकाराच्या साली’ किंवा ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ असा सांगत.

या दिवसाच्या भाषणांत एक भाग सहसा येत नाही. कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. चौकशीसाठी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. निजाम मात्र १९५६ पर्यंत राजप्रमुख (राज्यपालासारखे पद) म्हणून मानाने राहिला.

१९५६ साली संस्थानाचे भाषावार तीन तुकडे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. तारीख एकच, पण तिन्ही राज्यांत तिची नावे वेगळी. कर्नाटकात विमोचन दिनाचा २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ झाला. तेलंगणात सरकार बदलले तसे नावही बदलले: आधी राष्ट्रीय एकात्मता दिन, मग प्रजापालन दिन. केंद्र सरकार २०२२ पासून ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा करते. मराठवाड्याने ‘मुक्ती’ला ‘संग्राम’ जोडला आहे, आणि तो मुद्दाम: पाच दिवसांत सैन्याने जे केले त्याच्या आधी दहा वर्षे इथली माणसे तुरुंगात जात होती.

मुख्य शासकीय ध्वजारोहण छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभाजवळ होते. बहुधा मुख्यमंत्री येतात, आणि मराठवाड्याच्या पाण्याविषयी काहीतरी घोषणा होते. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. त्याची स्थापनाही १९९४ च्या १७ सप्टेंबरचीच.