कोलंबियातील रस्त्यावरचे खाणे-पिणे

दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या कोलंबिया देशात हातगाड्यांवर, मंडईच्या गाळ्यांत, बसथांब्यांवर आणि डोक्यावरच्या पाट्यांतून विकले जाणारे पारंपरिक पदार्थ व पेये. या खाण्याचा पाया मका आणि ऊस या दोन पिकांवर उभा आहे. मका इथला, स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. ऊस, डुक्कर आणि दूधदुभते स्पॅनिश लोकांबरोबर आले. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या हातची छाप कायमची राहिली.

अँडीज पर्वताच्या तीन रांगा देशाला उभ्या चिरत जातात. काही तासांच्या बसप्रवासात हवा बदलते आणि हवेबरोबर गाडीवरचा मालही बदलतो. स्थानिक लोक थंड मुलखाला ‘तिएर्रा फ्रिआ’ आणि उष्ण मुलखाला ‘तिएर्रा कालिएन्ते’ म्हणतात. सुमारे 2,600 मीटर उंचीवरच्या राजधानी बोगोतात गाडीवरून वाफ निघत असते. सुमारे 1,000 मीटरवरच्या काली शहरात बर्फ किसला जात असतो. समुद्राकाठच्या कार्ताहेनात नारळ फुटत असतो. म्हणून ‘कोलंबियाचा राष्ट्रीय पदार्थ कोणता’ असे विचारण्यापेक्षा आपण किती उंचीवर उभे आहोत आणि घड्याळात किती वाजले आहेत, एवढे पाहून खावे. देश जास्त कळतो.

पानेला

मराठी माणसाला इथे सर्वांत आधी ओळखीची वाटते ती पानेला. पानेला म्हणजे गूळच. रस काढून तो कढईत आटवतात, मळी काढतात, साच्यात ओततात. चुलवणात जळते ते त्याच उसाचे चिपाड. गुऱ्हाळाला तिथे ‘त्रापिचे’ म्हणतात. कोल्हापूरकडच्या माणसाला त्या कढईशेजारी उभे राहून कुणी काही समजावून सांगायला नको. गुळाच्या उत्पादनात भारताखालोखाल कोलंबियाचा क्रमांक लागतो. वड्या गोल किंवा चौकोनी असतात, आपल्या ढेपेहून पुष्कळ लहान, घरी एकावेळी एक वापरता येईल अशा.

पानेला पाण्यात विरघळवली की ‘आग्वापानेला’ तयार होते. आलेल्या माणसाला गूळपाणी देण्याची आपली रीत आठवते, पण इथे ते पाहुण्यापुरते नाही, रोजचे पेय आहे. पठारावर ते उकळते पितात आणि सोबत पांढऱ्या चीजचा तुकडा देतात. तुकडा पेल्यात सोडायचा, मऊ होऊ द्यायचा आणि चमच्याने खायचा. गरम कोकोतही असेच चीज सोडतात. ऐकायला विचित्र वाटते. बोगोतातल्या संध्याकाळच्या गारठ्यात पहिला चमचा तोंडात गेला की गोड-खारट जोडीचे कारण कळते. उष्ण भागात तीच आग्वापानेला गार करून, लिंबू पिळून मिळते. तिच्यात दालचिनी आणि ‘आग्वार्दिएन्ते’ ही बडीशेपेच्या जातीच्या वासाची उसाची दारू घातली की ‘कानेलासो’ होतो. डोंगरमाथ्यावरच्या टपऱ्यांवर तो हात शेकण्यासाठीही धरला जातो.

सकाळ

सकाळी पहिला भेटतो तो तिंतोवाला. लहानशा ढकलगाडीत थर्मास उभे केलेले असतात आणि इवल्याशा पेल्यात काळी कॉफी मिळते. ‘तिंतो’ म्हणजे स्पेनमध्ये लाल वाइन. कोलंबियात मात्र तो शब्द काळ्या कॉफीसाठी रुळला. देशाच्या कॉफीपट्ट्याला युनेस्कोने 2011 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतले, तरी रस्त्यावरचा तिंतो बहुधा पातळ आणि साधा असतो, कारण उत्तम दाणा पिढ्यान्‌पिढ्या निर्यातीला गेला. त्या पेल्यात थोर कॉफीची चव शोधू नये. तिंतो दोन मिनिटे थांबण्यासाठी, विक्रेत्याशी दोन शब्द बोलण्यासाठी असतो. बोयाका भागातला विक्रेता गिऱ्हाइकाला ‘सुमेर्से’ म्हणून हाक मारतो. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या दरबारी संबोधनाचे ते झिजलेले रूप. आज ते शेतकऱ्यांच्या तोंडी आहे आणि त्यातला आदर टिकून आहे.

सोबत चीज आणि कसाव्याचे, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदाचे, पीठ एकत्र करून भाजलेला ‘पांदेबोनो’ घ्यावा. तो मूळचा काली भागातला. गरम असताना तो तुटताना लांबतो. गार झाला की चिवट होतो. ताट भट्टीतून बाहेर येईपर्यंत थांबण्यात वेळ वाया जात नाही.

आरेपा

मक्याची जाडसर भाकरी म्हणजे आरेपा. मात्र ‘आरेपा द्या’ एवढे म्हणून भागत नाही. मेदेयीन शहराच्या बाजूची आरेपा पांढरी, पातळ आणि जवळजवळ अळणी असते. तिला नावे ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावे की ती सोबतच्या तिखट-खारट पदार्थांसाठी आहे, जशी आपली भाकरी कोरड्यासासाठी. बोयाकाची आरेपा पिवळी, गोडसर आणि आत चीज भरलेली. सांतांदेर भागातली पिवळ्या मक्याची, पिठातच डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे मळलेली. कोवळ्या मक्याची ‘आरेपा दे चोक्लो’ तव्यावर घावनासारखी पडते आणि तिच्यावर ताजे चीज ठेवून देतात.

पूर्वी मका उखळात कांडून, पाखडून, शिजवून, वाटून मग थापावा लागे, आणि हे काम बाईच्या पहाटेवर पडे. शेजारच्या व्हेनेझुएलात 1950 च्या दशकात शिजवून वाळवलेले मक्याचे तयार पीठ निघाले. मग दोन्ही देशांत आरेपा काही मिनिटांचे काम झाली. काही मंडयांत अजून दळलेल्या ओल्या मक्याच्या आरेपा मिळतात. दोन्ही खाऊन पाहाव्यात. फरक वासातच कळतो.

सर्वांत जास्त कसब लागते ते कॅरिबियन किनाऱ्यावरच्या अंड्याच्या आरेपाला. पिवळ्या मक्याची लहान पुरी थापून तेलात सोडतात. ती टम्म फुगते. बाहेर काढून तिच्या कडेला बोटभर चीर देतात, कच्चे अंडे वाटीत फोडून त्या चिरेतून आत ओततात, चीर ओल्या पिठाने लिंपतात आणि पुरी पुन्हा तेलात जाते. पुरी नीट फुगली नसेल तर आत अंड्याला जागाच उरत नाही. चीर जरा मोठी झाली की अंडे कढईत सांडते. हे सगळे ती बाई गिऱ्हाइकाशी बोलत बोलत करते. बारांकियाजवळच्या लुरुआको गावाची ओळखच ही आरेपा आहे.

तळणाच्या त्याच कढईशेजारी एम्पानादा असते : मक्याच्या पिठाची करंजी, आत बटाटा आणि मांस. ती कोरडी खायची नाही. काउंटरवर ‘आही’ असतो, म्हणजे मिरची, कांदा, कोथिंबीर आणि आंबट पाणी यांचे पातळ तोंडीलावणे. एक घास चावायचा, उघड्या तोंडातून आत चमचाभर आही सोडायचा, पुढचा घास घ्यायचा. पोपायान शहरातली एम्पानादा चिमुकली असते, आत बटाटा-शेंगदाण्याचे सारण, आणि सोबत शेंगदाण्याचाच आही. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे गाव विशेष मानवेल. युनेस्कोने 2005 मध्ये खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून निवडलेले जगातले पहिले शहर पोपायानच.

फळे, बर्फ आणि पाट्या

कालीत दुपारी लुलादा प्यावी. ‘लुलो’ हे हिरव्या गराचे आंबट फळ वांग्या-टोमॅटोच्या कुळातले आहे. ते मिक्सरला न लावता हाताने ठेचतात, म्हणून पेल्यात गराचे तुकडे येतात. याच शहरात रस्त्याकडेला आफ्रिकी वंशाच्या बायका ‘चोंतादुरो’ विकतात. ताडाच्या जातीच्या झाडाचे हे नारिंगी फळ उकडून, सोलून, वर मीठ आणि मध घालून देतात. चव रताळ्याच्या जवळची, पिठूळ. पहिल्या फळाला ती अनेकांना आवडत नाही. दुसरे जरूर घ्यावे. जवळच्या हामुंदी गावाचा ‘चोलादो’ म्हणजे किसलेला बर्फ, चिरलेली फळे, सरबत आणि आटवलेले दूध. कच्च्या आंब्याच्या फोडी मीठ-लिंबू लावून देशभर मिळतात. त्यांची ओळख करून देण्याची गरज नाही.

कार्ताहेनाच्या जुन्या तटबंदीच्या शहरात रंगीत झग्यांतल्या ‘पालेन्केरा’ डोक्यावर फळांची परात घेऊन उभ्या असतात. त्यांचे मूळ गाव सान बासिलिओ दे पालेन्के. पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या आणि स्वातंत्र्य टिकवलेल्या या गावाच्या संस्कृतीचा युनेस्कोने 2005 मध्ये गौरव केला. पर्यटक फोटो काढून निघून जातात, हे बरे नाही. आधी विचारावे, फळ विकत घ्यावे. फोटोचे पैसे मागितले तर ते त्यांच्या दिवसाच्या कमाईत मोडतात. त्यांच्याकडच्या खोबऱ्याच्या ‘कोकादा’ आणि पानेलात घोळलेले ‘आलेग्रिया’ लाडूही चुकवू नयेत.

सांतांदेरची गोडी वेगळी. फ्लोरिदाब्लांकाच्या ‘ओब्लेआ’ म्हणजे कागदासारख्या पातळ दोन चकत्या आणि मध्ये ‘आरेकीपे’, म्हणजे साखर घालून तांबूस होईपर्यंत आटवलेले दूध. वेलेस गावची पेरूची वडी पानात गुंडाळून येते आणि चीजसोबत खातात. तिचे नाते गोव्यात नाताळला करतात त्या पेरादाशी सरळ लागते. पेरू मूळचा उष्ण अमेरिकेचाच, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. याच भागात पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या पोटाच्या राणीमुंग्या पकडून, पाय-पंख काढून, मीठ लावून भाजतात. ही ग्वाने या तिथल्या मूळ लोकांची जुनी रीत आहे.

शाकाहारी प्रवाशाने ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) एवढ्यावर विसंबू नये. कोंबडी किंवा चरबी मांसात अनेकदा धरलीच जात नाही. मांस-चरबी नसलेले मक्याचे पदार्थ, चीज, फळे आणि ओब्लेआ यांवर दिवस चांगला निघतो. बोगोता आणि मेदेयीनचे नळाचे पाणी पिण्याजोगे आहे. किनाऱ्यावर मात्र बर्फ कुठल्या पाण्याचा ते पाहावे. खरेदी झाली की वर थोडे फुकट मागता येते. किनाऱ्यावर त्याला ‘न्यापा’ म्हणतात. पाणीपुरीनंतरच्या सुक्या पुरीसारखा तो हक्कच आहे, फक्त हसून मागायचा.

चिचा

मका आणि पानेला एकत्र येतात ती चिचामध्ये. बोगोताच्या पठारावरचे मूळ रहिवासी मुइस्का लोक मका आंबवून हे पेय करत; ऊस आल्यावर त्यात पानेला पडू लागली. चिचा दाट, आंबट-गोड आणि किंचित फसफसणारी असते. ‘तोतुमो’ या झाडाच्या फळाचे वाळलेले कवच अर्धे कापून केलेल्या वाटीत ती देतात.

हे गरिबांचे पेय होते आणि अन्नही. 1889 मध्ये लिओ कोप या जर्मन उद्योजकाने बाव्हारिया मद्यकंपनी काढली. त्यानंतर बिअर स्वच्छ आणि आधुनिक, चिचा घाणेरडी असा प्रचार वाढत गेला. चिचा पिणाऱ्यांच्या कथित आजाराला ‘चिचिस्मो’ असे नावही डॉक्टरांनी दिले. ‘चिचा माणसाला मठ्ठ करते’ अशी भित्तिपत्रके लागली. 9 एप्रिल 1948 रोजी लोकप्रिय नेते होर्हे एलिएसेर गाइतान यांचा बोगोतात खून झाला, शहर पेटले, आणि त्या हिंसेचे खापर जमावाने प्यालेल्या चिचावरही फोडण्यात आले. त्याच वर्षी कायदा झाला : आंबवलेली पेये बंद काचेच्या बाटलीतच विकावीत. मडक्यात चिचा करणाऱ्या बायकांना ही अट पुरी करणे शक्यच नव्हते. स्वच्छतेच्या नावाखाली एका समाजाचे पेय आणि अनेक बायकांचे पोट हिरावून घेतले गेले, असेच म्हणावे लागते. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी घरी गाळलेल्या उसाच्या ‘विचे’ दारूलाही दीर्घकाळ बेकायदा ठरवले गेले होते. 2021 च्या कायद्याने तिला त्या समाजांचा वारसा म्हणून मान्यता दिली.

चिचा घरांत आणि गल्ल्यांत टिकून राहिली. आज ती बोगोताच्या जुन्या भागातल्या चोर्रो दे केवेदो चौकाभोवती मिळते. पहिल्यांदा पिणाऱ्याने लहान वाटीनेच सुरुवात करावी, कारण गोडीमुळे तिचा अंमल उशिरा कळतो. चिचाचा उत्सव भरतो तो ला पेर्सेवेरान्सिया वस्तीत. बाव्हारियाच्या मद्यनिर्मिती कारखान्यातल्या कामगारांसाठी वसलेली ही वस्ती. त्या दिवशी तिथल्या बायका आपापल्या घरची चिचा दारात मांडून बसतात.