कुळे घाटात घर्षण कोणाच्या बाजूने?

वास्कोहून मडगाव, सावर्डे करत आलेली गाडी कुळे स्टेशनात जरा जास्तच वेळ थांबते. फलाटावर उतरून मागे पाहिले तर शेवटच्या डब्यामागे आणखी इंजिने लागत असतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. इथून कॅसलरॉकपर्यंतचा घाट चढायला एकट्या पुढच्या इंजिनाची ताकद पुरत नाही, म्हणून मागून रेटा देणारी ही मंडळी. बाकीचे प्रवासी तोवर दूधसागरचे फोटो कोणत्या बाजूच्या खिडकीतून मिळतील याच्या चौकशीत असतात. पण घरात नववीतले मूल असेल तर त्याला या मार्गावर एकदा न्यावेच. चाल, त्वरण, घर्षण, सगळा धडा इथे रुळावर मांडलेला आहे.

हा मार्ग पोर्तुगीज काळातला, १८८०च्या दशकात बांधलेला. मुरगाव बंदर घाटमाथ्याशी जोडायचे होते. घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे सरकले की १ मीटर वर. ऐकायला अगदीच किरकोळ. पणजीत आल्तिनोवर चढणारे रस्ते याहून कितीतरी खडे आहेत आणि त्यावरून स्कूटर सहज जाते. मग रेल्वेला एवढे काय जड जाते?

आधी उतरणीचा हिशोब करू. हातातून सुटलेल्या दगडाचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका वाढत जातो. ३७ला १ अशा उतारावर त्याचा ३७वा हिस्सा गाडीच्या वाट्याला येतो, म्हणजे साधारण ०.२६. हा आकडा मुलांना काहीच सांगत नाही, म्हणून तो स्पीडोमीटरच्या भाषेत आणायचा: दर सेकंदाला ताशी जवळजवळ १ किलोमीटरची भर. ब्रेक नसलेली गाडी या उतारावर सोडून दिली, तर चाकांचा आणि हवेचा विरोध वजा जाताही मिनिटभरात ती ताशी ५० ओलांडेल आणि दोन मिनिटांत १००च्या आसपास जाईल. तेही वळणावळणांच्या घाटात, जिथे उतरणाऱ्या गाड्यांना ताशी ३०ची मर्यादा आहे.

त्वरण म्हणतात ते हेच. गाडी किती जोरात चालली आहे ते नव्हे, तर तो जोर किती भराभर बदलतो आहे ते. आपल्या शरीराला चाल कळतच नाही, कळते ते त्वरण. पणजीच्या अटल सेतूवरून एका चालीने जाणाऱ्या कदंब बसमध्ये उभा माणूस हात सोडून मोबाईल बघू शकतो. पुढे ड्रायव्हरने ब्रेक दाबला की तोच माणूस समोरच्याच्या पाठीवर. ताशी ६०ने काही बिघडले नव्हते, बिघडले ते ६०चे २० होताना.

माझ्या भाचीने या घाटातून उतरताना विचारले होते, "मामा, गाडी एकाच स्पीडने चाललीय ना? मग ब्रेक कशाला लावून ठेवलेत?" तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचा गोंधळ या प्रश्नात आला. ब्रेक म्हणजे थांबणे, असे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. इथे उतार गाडीला पुढे ओढतो, ब्रेक मागे धरतात, आणि दोन्ही ओढी सारख्या झाल्या की चाल ना वाढते ना घटते. सरळ रुळावर अशा वेळी त्वरण शून्य असते. गाडी चालू आहे म्हणजे पुढच्या बाजूला काहीतरी जास्तीचे बल असणारच, ही समजूत चांगली शिकलेली माणसेही सोडत नाहीत. न्यूटनचा पहिला नियम पाठ असतो, पण पटलेला नसतो. (वळणावर मात्र ताशी ३० कायम राहूनही त्वरण असते, कारण दिशा बदलते. खिडकीत ठेवलेली पाण्याची बाटली ते दाखवून देते.)

हे धरून ठेवणे फुकट होत नाही. १००० टनांची गाडी या उतारावर १ किलोमीटर उतरली की ती २७ मीटर खाली येते. तेवढ्यात जी ऊर्जा सुटते ती विजेच्या बिलावरची सुमारे ७३ युनिटे, आणि ताशी ३०ने हे २ मिनिटांत घडते. काही भाग इंजिनातल्या मोटारी उलट जनित्रासारख्या चालवून काढून घेतला जातो. उरलेल्याची ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांत उष्णता होते. घाट उतरून आलेल्या गाडीजवळ जो जळका वास येतो तो याचाच. ब्रेक तपासल्याशिवाय गाडीला घाटात सोडत नाहीत. आणि इतके करूनही ताबा सुटलाच तर अशा घाटांत बाजूला चढावर जाणारा रूळ काढून ठेवलेला असतो. बेफाम गाडी तिकडे वळवली की ज्या गुरुत्वाकर्षणाने ती पळवली तेच तिला थोपवते.

आता चढताना. १००० टनांची गाडी या चढावर नुसती धरून ठेवायलाच २७ टन वजनाइतकी ओढ लागते. इंजिनाचे वजन समजा १२० टन. त्याची मोटार कितीही दणकट असो, चाकाने रुळाला जेवढे घट्ट धरले असेल तेवढीच ओढ ते लावू शकते. पोलादावर पोलाद, कोरडा रूळ: वजनाच्या साधारण पाव भाग धरा, म्हणजे ३० टन. इंजिनाला स्वतःचे वजनही चढवायचे असते, त्यात ३ टनांहून अधिक जातात. काठावर नापास! आणि आपल्याकडच्या जुलैत? रूळ ओले, वर कुजलेला पाला. पकड १५ टक्क्यांवर आली तर हाती उरतात १८ टन. मोटार जोर लावते, चाक जागच्या जागी गरगरते, गाडी हलत नाही.

म्हणून बँकर. जादा इंजिन म्हणजे जादा शक्ती हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रूळ धरणारी जादा चाके. ती मागे लावण्याचे कारण वेगळे आहे: सगळी ओढ पुढूनच दिली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, सगळा ताण येईल. शिवाय इंजिनात रेतीच्या पेट्या असतात. चाक घसरू लागले की नळीतून नेमकी चाकापुढे रेती सोडतात. परीक्षेत 'घर्षणाचे तोटे लिहा' हा प्रश्न वर्षानुवर्षे येतो, आणि इथे रेल्वे घर्षण वाढवायला रेती सोबत घेऊन फिरते.

यात एक बारकावा आहे. नीट फिरणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला भाग त्या क्षणी रुळाच्या मानाने स्थिर असतो, घासत नाही. घासू लागला की पकड आणखी कमी होते. मोटारगाड्यांमधल्या एबीएस या ब्रेक-यंत्रणेचे काम हेच: चाक पुरते आवळू न देता फिरते ठेवायचे.

रस्त्यावर रबर आणि डांबर असते, पकड पोलादाच्या जवळजवळ तिप्पट. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरचे घर्षण वजनाच्या ०.७ पट धरले तर ताशी ४०वरून थांबायला सुमारे ९ मीटर लागतात. ८०वरून १८ नव्हे, ३६ लागतात, कारण हे अंतर चालीच्या वर्गाने वाढते. पहिल्या पावसात धूळ, तेल आणि पाणी यांचा रेंदा रस्त्यावर पसरतो. पकड ०.४वर आली, तर तेच ३६ मीटर ६३वर जातात. ब्रेककडे हात पोचेपर्यंतचा एक सेकंद यात धरलेलाच नाही. ८०ला त्या सेकंदात आणखी २२ मीटर जातात.

टायर गुळगुळीत झाला तरी 'अजून चालतो' म्हणणारे उन्हाळ्यात चुकीचे ठरत नाहीत. कोरड्या डांबरावर नक्षीने पकड वाढत नाही. शर्यतीच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर सपाट टायरच वापरतात. नक्षीचे काम टायरखालचे पाणी बाजूला सारण्याचे. ते सरले नाही तर रबर डांबराला टेकतच नाही, पाण्याच्या थरावर तरंगते, आणि मग ब्रेक कितीही नवे असले तरी त्यांना धरायला खाली काही नसते.