रोबोटिक्स स्पर्धेला स्वयंसेवक व्हायचंय? अर्ज नेमके इथेच अडतात

फर्स्ट टेक चॅलेंज किंवा फर्स्ट लेगो लीग या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धांना स्वयंसेवक लागतात. फर्स्ट ही अमेरिकेतली संस्था, 1989 साली डीन केमन यांनी सुरू केलेली. अर्ज साधा आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, स्पर्धा निवडायची, हव्या त्या भूमिकांना पसंती द्यायची आणि संमतिपत्र मान्य करायचं. अर्ध्या तासाचं काम. तरी दरवर्षी कोल्हापुरातली चांगली चांगली पोरं यात अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पात्रतेबद्दलचा एक गैरसमज आधी काढून टाका. इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. संघांना वेळेवर मैदानापाशी आणून उभं करणं, नोंदणीच्या टेबलावर बसणं ही कामं कॉमर्सची मुलगी किंवा निवृत्त शिक्षक उत्तम करतात. रोबोट तपासणीला मात्र हात बसलेली माणसं हवीत. टेक चॅलेंजमध्ये सामना सुरू होताना रोबोट 18 इंचांच्या घनात मावावा लागतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर व्हर्निअर हाताळलेल्या माणसाला हे काम शिकवावं लागणार नाही. अशा काका-मामांनी अर्ज करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता अडचणी. पहिली नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. फॉर्ममध्ये दोनच रकाने असतात, नाव आणि आडनाव. पोरं गुणपत्रिका समोर ठेवून तसंच उतरवतात आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव जातं. मग ओळखपत्राशी मेळ बसत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी तर आधार, पॅन आणि खातं या तिन्हींवर एकच नाव आहे ना, हे आधी पाहावं.

दुसरी अडचण तारखेची, आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. अमेरिकेत महिना आधी लिहितात. मागे एका मुलीने सगळी तयारी केली होती. मुदत 12/01 होती. ती मोबाइल दाखवत मला म्हणाली, "सर, मुदत 12 जानेवारीची आहे की." मुदत 1 डिसेंबरची होती, दोन आठवड्यांपूर्वी संपलेली. तिचा चेहरा आजही आठवतो. जन्मतारखेतही हेच होतं. 25/08 टाकलं तर फॉर्म चूक दाखवतो, कारण पंचविसावा महिना नसतो. पण 05/11 टाकलं तर तो गुपचूप 11 मे धरतो. जन्माच्या पुराव्याला आधार कार्डावर विसंबू नका. ते जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलंय. शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवा.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते आणि ती पालकांच्या ई-मेलवर जाते. गावाकडच्या कितीतरी वडिलांना ई-मेलच नसतो. मग पोरगा तिथेही स्वतःचाच पत्ता टाकतो आणि अर्ज लटकतो. वडिलांच्या फोनवर त्यांचं खातं उघडून द्या, मजकूर त्यांना मराठीत समजावून सांगा आणि होकार त्यांनाच देऊ द्या. पाच मिनिटं लागतात.

सज्ञान स्वयंसेवकांकडून आयोजक पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागू शकतात. लहान मुलांमध्ये काम करायचं आहे, त्यामुळे ते रास्तच आहे. पण लोक पासपोर्ट कार्यालयाच्या क्लिअरन्स सर्टिफिकेटच्या मागे लागतात. तो कागद परदेशात नोकरी किंवा वास्तव्यासाठी असतो, इथे त्याचा उपयोग नाही. आपल्याला जिल्हा पोलिसांचा दाखला हवा, आणि त्याचा अर्ज ऑनलाइन होतो. कोल्हापूरला पोलिस आयुक्तालय नाही, अधीक्षक कार्यालय आहे, तेव्हा यादीत तेच निवडा. पोलिस ठाणं राहत्या पत्त्याचं द्या. आधार कागलचं आणि राहणं राजारामपुरीत असेल, तर भाडेकराराचा कागद हाताशी ठेवा. कुणासाठी दाखला हवा, त्या संस्थेचं लेटरहेडवरचं पत्रही मागतात. ते कुणाकडेच नसतं आणि त्यासाठी हेलपाटे होतात. आयोजकांना पहिल्याच मेलमध्ये ते पत्र मागा. खरं तर ते त्यांनी न मागता द्यायला हवं. प्रत्येक वेळी पोरांनीच का फिरायचं?

परीक्षक व्हायचं असेल आणि आपला मुलगा किंवा आपण शिकवलेला संघ स्पर्धेत असेल, तर तसं स्वतःहून कळवा. त्याने अर्ज बाद होत नाही, दुसरं काम मिळतं. नंतर कळलं तर त्या संघातल्या मुलांच्या बक्षिसावर बोट ठेवलं जातं.

अर्ज पाठवला म्हणजे निवड झाली असं समजू नका. समन्वयक भूमिका नेमून देतात आणि तसं कळवतात. पंच, परीक्षक, तपासनीस अशा भूमिकांना प्रशिक्षण आणि चाचणी असते, तीही दर हंगामाला नव्याने, कारण खेळ दरवर्षी बदलतो. "गेल्या वर्षी पास झालोय" हे चालत नाही. इथे दोन वेगळ्या मुदती असतात, एक अर्जाची आणि एक प्रशिक्षणाची. दुसरी कुणीच लिहून ठेवत नाही.

मानधन मिळत नाही. स्पर्धा पुण्याला असेल तर येण्याजाण्याचा खर्च आपला धरा आणि आदल्या रात्रीच पोचा. टेक चॅलेंजच्या मैदानाजवळ पुढून बंद बूट आणि सुरक्षा चष्मा सक्तीचा आहे. नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही, त्याला बाजूने संरक्षण लागतं. कोल्हापुरी घालून आलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणून बूट आदल्या रात्रीच पिशवीत भरा. शाळा सोडल्याच्या दाखल्याची एक झेरॉक्सही त्याच पिशवीत असू द्या.