भंगाराच्या जमिनीतील धातुशोधन

जुनी वस्ती, जत्रेचे मैदान किंवा रणभूमी अशा जागी खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे साचलेले असतात. त्या गर्दीतून नाणी, बटणे, बंदुकीच्या गोळ्या अशा जुन्या वस्तू मेटल डिटेक्टरने हुडकून काढण्याची ही पद्धत. पुष्कळ हौशी शोधक अशा जमिनीला कंटाळून मोकळ्या शेताकडे वळतात. खरे तर कचरा हीच माणसांच्या वावराची खूण असते. इंग्लंडमधील रोमनकालीन घरांच्या जागा अनेकदा लोखंडी खिळ्यांच्या दाटीवरूनही ओळखू येतात.

यंत्राच्या चकतीतील तारेतून उलटसुलट वाहणारी वीज बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्याने जमिनीतील धातूत प्रवाहाचे भोवरे उठतात आणि त्यांच्या प्रतिसादावरून यंत्र धातू ताडते. हा अंदाजच असतो: सोन्याची पातळ अंगठी आणि पेयाच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी यंत्राच्या पडद्यावर जवळपास सारखाच संकेत-आकडा दाखवू शकतात.

मोठी अडचण झाकोळण्याची. खिळा आणि त्याला खेटलेले चांदीचे नाणे एकदमच चकतीखाली आले की संकेत मिसळतात; लोखंड गाळण्याची सोय चालू असेल तर खिळ्याबरोबर नाणेही गप्प होते. म्हणून जाणकार साधारण १५ सेंमी. व्यासाची लहान चकती लावतात. खोली कमी मिळते, पण शेजारच्या वस्तू वेगळ्या ऐकू येतात. गाळणी कमीत कमी ठेवून, चकती सावकाश फिरवत ते लोखंडाची घरघर ऐकत राहतात. मध्येच बारीक, उंच सूर आला तर काटकोनात वळून तीच जागा पुन्हा तपासतात. सूर एकाच दिशेने येत असेल तर बहुधा वाकडा खिळाच निघतो.

पुरातत्त्वात तर लोखंड गाळणेच घातक. अमेरिकेत मोंटाना येथील लिटल बिगहॉर्न या अमेरिकी सैन्य आणि मूळ अमेरिकी जमाती यांच्यातील लढाईच्या रणभूमीवर १९८४ मध्ये स्वयंसेवकांनी रांगेने चालत प्रत्येक संकेतावर निशाण रोवले आणि वस्तू जागेवरच नोंदवल्या. लोखंडी बाणाग्रेही त्यांत मिळाली. रिकाम्या काडतुसांवर प्रत्येक बंदुकीने उमटवलेल्या वेगळ्या ठशांवरून १८७६ च्या त्या लढाईत एकेक बंदूक कुठून कुठे सरकली, हे उलगडले. वस्तू नुसती उचलून खिशात घातली असती तर हा पुरावा कायमचा गेला असता.

भारतात संरक्षित स्मारकांच्या जागी परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. इतरत्रही १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.