जुन्या युक्रेनी टेनरांचा आवाज खरंच इतका किनरा होता का?

‘पहिल्या महायुद्धाआधीचे युक्रेनी ऑपेरा-टेनर (उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक) किनऱ्या, नाकातल्या आवाजाचे होते, रेकॉर्डच ऐका ना!’ हा समज जुनाच. तसं ऐकू येतं हे खरं, पण दोष बहुतेकदा गळ्याचा नसतो.

१९२५ च्या सुमारापर्यंत रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात गायचा आणि त्याच जोरावर सुई मेणात चर कोरायची. खर्जाची भरीवता आणि वरचे उपस्वर गळून मधलाच पट्टा उरायचा.

त्यात वेगाचा घोळ. तबकडीचा ‘७८’ हा वेग, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या, तेव्हा पक्का ठरलेला नव्हता. मिनिटाला ७३.६ फेऱ्यांवर मुद्रित तबकडी ७८ वर लावली, की सूर अर्धा स्वर चढतो आणि आवाजातला कंप घाईचा, बेंबाटल्यासारखा होतो.

पडताळा घरीच घेता येतो. चायकोव्हस्कीच्या ‘येव्हगेनी ओनेगिन’ या ऑपेरातली लेन्स्की या टेनर पात्राची एरिया (एकट्याने गायचं गाणं) छापील स्वरलिपीत ई मायनर या पट्टीत आहे. सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर ती अर्धा स्वर वर, एफ मायनर निघाली, तर ध्वनिफितीचा वेग ५.६ टक्के उतरवा. नुसता सूर उतरवू नका, कंप तसाच घाईचा राहील. मात्र काही गायक पट्टी उतरवूनही गात. म्हणून ई मायनर जुळली तरी कंप आणि अ-आ-इसारख्या स्वरांचे उच्चार कानाने तपासाच.