२१४७४८३६४७ (मूळ संख्या)

२१४७४८३६४७, म्हणजेच दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, ही दहा अंकी मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा घडणीच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात आणि लहानापासून मोजल्यास ही आठवी येते.

तिचा आवाका मराठवाड्यात ज्वारीवरून सहज कळेल. एक तारखेला एक दाणा, दोन तारखेला दोन, तीन तारखेला चार, असे रोज दुप्पट दाणे कणगीत टाकले तर ३१ तारखेला आत बरोबर एवढेच दाणे जमतात. टपोऱ्या रब्बी ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम धरू. दहा तारखेपर्यंत जेमतेम मूठभर ज्वारी होते, वीस तारखेपर्यंत सुमारे ३७ किलो आणि महिनाअखेर ७५० क्विंटल. लातूर किंवा परभणीच्या मोंढ्यात ती उतरवायची तर दहा टनी सात-आठ ट्रक लागतील.

ही संख्या मूळ असल्याचे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये सिद्ध केले. त्या वेळी त्यांची दृष्टी जवळपास गेलेली होती. तिचे वर्गमूळ ४६३४० पेक्षा किंचित मोठे आहे, त्यामुळे सरळ मार्गाने गेल्यास तिथपर्यंतच्या सर्व, म्हणजे ४७९२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. ऑयलर यांनी आधी विचारले, की विभाजक असलाच तर तो कसा असेल? घातांक ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून मूळ विभाजकातून १ वजा केल्यावर ६२ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरू शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८क + १ आणि २४८क + ६३ (क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या) एवढेच दोन साचे राहतात आणि तपासायच्या संख्या चारशेच्या आत येतात. या संख्येविषयीची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे. गणितातील मोठे काम पुष्कळदा भागाकार करण्यापूर्वीच झालेले असते. पुढे कित्येक दशके ही ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

तिला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःला वगळून तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. ३१ ही स्वतःच मर्सेन मूळ संख्या (२ चा ५ वा घात उणे १) असल्याने २१४७४८३६४७ ला दुहेरी मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मात्र ही साखळी पुढे चालत नाही. २ चा २१४७४८३६४७ वा घात घेऊन १ वजा केल्यास येणाऱ्या अवाढव्य संख्येला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो.

संगणकात धन-ऋण चिन्हासह ३२ बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) मावणारी ही सर्वांत मोठी पूर्ण संख्या आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांत मोजणाऱ्या यंत्रणांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या संख्येवर पोहोचेल. त्याच्या पुढच्याच सेकंदाला न सुधारलेली यंत्रणा डिसेंबर १९०१ मधील तारीख दाखवू लागेल.