घरातील वायर्ड धूर व कार्बन मोनॉक्साइड अलार्म (कोल्हापूर)

घराच्या विजेवर कायम चालणारी, छताला किंवा भिंतीला पक्की बसवलेली धोकासूचक यंत्रे. वीज गेली की आतली बॅटरी त्यांना चालू ठेवते. ती एकमेकांना तारेने जोडलेली असल्यामुळे एक वाजले की सगळी वाजतात, म्हणजे तळमजल्यावर धूर झाला तरी माडीवर झोपलेल्याला जाग येते. सुट्या बॅटरीच्या साध्या अलार्मपेक्षा हा त्यांचा मोठा गुण. अमेरिका-ब्रिटनमधल्या नव्या घरांत ती सर्रास असतात. कोल्हापुरात अजून क्वचितच दिसतात.

धूर निदान डोळ्याला झोंबतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. इंधन अपुऱ्या हवेत जळाले की हा वायू तयार होतो आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय गळतात. माणूस पित्त झाले समजून दार लावून पडून राहतो, आणि तिथेच घात होतो. कोविडपासून घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ओळखता येत नाही आणि आकडा चांगलाच दिसतो.

कोल्हापूरच्या घरांत या वायूचा सर्वांत घातक उगम म्हणजे बंद न्हाणीघरातला गॅस गीझर. त्याखालोखाल बाळंतिणीच्या खोलीतली निखाऱ्यांची शेगडी. वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या असतात आणि आत नवजात बाळ असते. महापुरात वीज तुटली की जिन्याखाली किंवा पडवीत जनरेटर लावण्याचा मोह होतो, तोही तितकाच धोक्याचा. आगीचे म्हणाल तर जुन्या पेठांतल्या लाकडी तुळया आणि माळ्यावरची अडगळ पेटायला वेळ लागत नाही. लाकूडकामाने पेट घेतला की काय होते, हे शहराने 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना पाहिले आहे.

वायरिंगसाठी उत्तम वेळ स्लॅब किंवा प्लास्टरच्या आधीची. प्रत्येक अलार्मच्या जागी फेज, न्यूट्रल आणि सर्व अलार्म जोडणारी इंटरकनेक्टची तार न्यावी लागते. या तिसऱ्या तारेला चुकून फेज दिला तर यंत्रे जळू शकतात, म्हणून हे काम परवानाधारक वायरमनचेच. जुन्या घरात भिंत न फोडता केसिंग पट्टीतून तारा नेता येतात. पुरवठा नेहमी वापरातल्या दिव्यांच्या सर्किटवरून घ्यावा. एमसीबी (बिघाड झाल्यास वीज आपोआप तोडणारी कळ) पडला तर दिवे जातात आणि अलार्मचीही वीज गेल्याचे लगेच कळते. एकमेकांना जोडायचे अलार्म एकाच कंपनीचे, एकमेकांशी जुळणारे हवेत. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने आणलेला अमेरिकन अलार्म 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टवर तो लावू नये.

धुराचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत, त्या खोल्यांबाहेरच्या बोळात आणि प्रत्येक मजल्यावर, छताच्या मध्याजवळ बसवतात. स्वयंपाकघरात मात्र नको. रश्श्यासाठी कांदा-खोबरे भाजताना किंवा चटणीच्या मिरच्या परतताना तो रोज ओरडेल, आणि वैतागून कोणीतरी तो बंद करून टाकेल. तिथे धुराऐवजी उष्णता ओळखणारा अलार्म योग्य.

दुकानात ‘गॅस अलार्म’ म्हणून मिळणारे यंत्र बहुधा सिलिंडरची गळती ओळखणारे असते. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून ते जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून सगळीकडे पसरतो आणि त्याचा अलार्म वेगळाच असतो. युरोपीय मानकाप्रमाणे तो दशलक्ष भागांत 50 भाग वायू असल्यास 60 ते 90 मिनिटांत, 100 भागांना 10 ते 40 मिनिटांत आणि 300 भागांना 3 मिनिटांच्या आत वाजतो. शेगडी-चुलीच्या खोलीत आणि झोपण्याच्या जागी तो असावा.

गीझरच्या बाबतीत मात्र अलार्मवर विसंबू नये. वाफेमुळे तो न्हाणीघरात लावत नाहीत. बाहेर लावला तर बंद दाराआड अंघोळ करणाऱ्याचा श्वास कोंडला तरी तो गप्प राहू शकतो. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हलवायचा आणि फक्त गरम पाण्याची पाइप आत आणायची. खर्च होतो, पण घरात मुले असतील तर तो टाळू नये.

अलार्म वाजला की आधी सगळ्यांनी बाहेर पडायचे, मग 101 किंवा 112 ला फोन; कोणाला चक्कर असेल तर 108. दवाखान्यात ‘गीझर चालू होता’ किंवा ‘शेगडी होती’ हे आपणहून सांगावे, म्हणजे डॉक्टर रक्ताची नेमकी तपासणी करून ताबडतोब ऑक्सिजन लावतात.

महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. धुराचा अलार्म साधारण 10 वर्षे टिकतो. कार्बन मोनॉक्साइडचा बहुधा 5 ते 10 वर्षे. नेमकी तारीख यंत्राच्या पाठीवर छापलेली असते.